मैनीचा बोजारा

आमच्या संस्थेचे कागदोपत्री नाव गृहस्थ मंडळ. पुलगावात मात्र ते कोणाच्या तोंडी नव्हते. स्टेशनवरच्या टांगेवाल्याला ‘गृहस्थ मंडळ’ म्हटले की तो डोके खाजवी, आणि ‘दारुड्यांची धर्मशाळा’ म्हटले की मुकाट्याने घोडा आर्वीच्या रस्त्याला वळवी. मला या नावाचा भारी संताप येई. अण्णाजी हसत. ‘‘सरोजिनीबाई, धर्मशाळाच म्हणतात ना? तुरुंग तर म्हणत नाहीत,’’ एवढेच त्यांचे म्हणणे. या माणसाला राग कसा येत नाही, याचाच मला राग येई.

अण्णाजी वर्ध्याच्या कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले. पेन्शन सुरू झाली की माणसे काशीला जातात. यांनी वडिलांचे शेत मंडळाला देऊन टाकले, त्यावर खोल्यांची एक ओळ बांधली, आणि ज्यांचे संसार दारूपायी रस्त्यावर आले होते त्यांना तिथे आणून बसवले. मी तेव्हा वर्ध्याला मुलींच्या शाळेत शिकवत होते. ‘बायका-मुलांकडे बघायला कोणीतरी खमके माणूस हवे,’ असा त्यांचा निरोप आला. खमकी म्हणून बोलावणे आले याचा आनंद मानावा की राग, हे न ठरवताच मी ट्रंक घेऊन इकडे आले.

खोल्यांत बायका आणि मुले राहत. पुरुषांना तिथे जागा नव्हती. विहिरीच्या पलीकडे गुरांचा जुना कोठा होता. तो सारवून, वर नवी कौले घालून त्यात पुरुषांच्या बाजा टाकल्या होत्या. दारू सोडतानाचे वाईट दिवस तिथे काढायचे. हातापायांची थरथर, ओकाऱ्या, रडारड, शिव्या, सगळे तिथेच. त्यातून उठले की मंडळाच्या शेतात काम, आणि मजुरी परस्पर बायकोच्या हातात. पुरुषाच्या खिशात एक पैसाही राहू द्यायचा नाही, हा नियम माझा होता. नाल्याकाठची हातभट्टी फार लांब नव्हती, आणि माणसाच्या निश्चयावर माझा विश्वास अण्णाजींच्या निम्मादेखील नव्हता.

अण्णाजींचा नियम निराळा. बापाने रोज सकाळी आपल्या लेकराचे एक काम करायचे. आंघोळीचे पाणी काढा, शाळेत पोचवा, वेणी घाला, काहीही करा. पण खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही. लेकराने आपण होऊन घरात बोलावले आणि त्याच्या आईने मान डोलावली, की मग आत पाऊल टाकायचे. त्या दिवशी कोठ्यातली बाज सुटली आणि खोली त्या कुटुंबाची झाली.

या नियमावरून मी अण्णाजींशी कडाकडा भांडले होते. ‘‘एवढ्याशा पोरांच्या डोक्यावर हे ओझे कशाला? बायकोला विचारा आणि मोकळे व्हा.’’

‘‘बायको आधी बोलली तर ती माहेरच्या भीतीने हो म्हणते, शेजारणीच्या बोलण्याने हो म्हणते, कधी नुसती दया येऊन हो म्हणते,’’ ते म्हणाले. ‘‘पोराचे तसे नाही. त्याची भीती गेली की ते हाक मारते. नाही गेली तर नाही मारत.’’

‘‘आणि कधीच नाही मारली तर?’’

‘‘तर त्याला कोणी भाग पाडायचे नाही.’’

यावर मी उठून कोठीघर झाडायला घेतले. उत्तर सुचले नाही की मी झाडू घेते, हे तोवर सगळ्या मंडळाला ठाऊक झाले होते.

ताराचंद आमच्याकडे आला तो आधी बायको-मुलगी आल्या म्हणून, त्यांच्या मागावर. आर्वीला एका कापसाच्या व्यापाऱ्याकडे तो गाडीवान होता. गाडी हाकण्यात हुशार, बोलण्यात त्याहून हुशार. यशोदा, त्याची बायको, मला एकदा म्हणाली होती, ‘‘बाई, हा मानूस वायदे असे गोड करते का साखर लाजते. उद्या लुगडं आनतो, परवा पोरीले चांदीचे वाळे करतो. पोरगी एवढी मोठी झाली तरी ते वाळे आले नाईत, पन आयकाले बरं वाटे.’’

मग तान्ह्या पोळ्याला ते सगळे घडले. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरांचा पोळा असतो. पोरे लाकडाचे नंदीबैल सजवून ओळीने उभे करतात, मग दोरीने ओढत दारोदार हिंडतात. ज्याच्या दारी नंदी येईल त्याने त्याचे पाय धुवायचे, कुंकू लावायचे आणि पोराच्या हातावर काहीतरी ठेवायचे: फुटाणे, मुरमुरे, एखादा पैसा. त्याला म्हणतात बोजारा. ताराचंदच्या मुलीचा, मैनीचा, नंदी तिच्या आष्टीच्या आजोबांनी केलेला होता. आजोबांना नातू नव्हता. नातीसाठी नंदी केला म्हणून लोक हसले, तर ते म्हणाले होते, माही नात कोणापेक्षा कमी हाय काय! त्या दिवशी आर्वीच्या मारुतीपुढे सगळी पोरे नंदी घेऊन उभी असताना ताराचंद झुलत आला, ‘माह्या पोरीचा नंदी कुठी हाय’ म्हणून ओरडला, आणि नंदी दिसताच त्याच्यावरच कोसळला. चाके मोडली, एक पाय मोडला. जमलेली माणसे हसली. कोणी म्हणाले, आता बापालेच दोरी बांध. मैनीने खाली बसून तुकडे गोळा केले आणि घरी गेली. त्या दिवसापासून ती बापाशी बोलली नव्हती.

पुढे नोकरी गेली, व्यापाऱ्याने दिलेली खोली गेली, आणि यशोदा पोरीचा हात धरून आर्वीच्या लहान आगगाडीने पुलगावला उतरली. मागोमाग हा आला. वाईट दिवस त्याने काढले, ते मी बघितले आहेत, आणि ते इथे सांगत बसत नाही. त्यातून माणूस उठला हे खरे.

त्याच्याकडे वेणीचे काम आले होते. मैनी उंबऱ्याच्या आत, बाहेर पाठ करून बसे. तो उंबऱ्याबाहेर उकिडवा बसून वेणी घाली. बैलांच्या वेसणी ओवणारे हात ते. तेलाने माखलेले केस त्याच्या बोटांतून निसटत आणि तो ते घट्ट ओढून धरी. मग मैनी अंगणात जो कोणी दिसेल त्याला, बहुतेक मला, सांगे, ‘‘बाई, त्यायले सांगा, ओढू नका म्हनावं.’’

बाप तिच्या पाठीशी हातभर अंतरावर, आणि निरोप माझ्यातर्फे.

‘‘ताराचंद, ओढू नकोस,’’ मी म्हणे.

‘‘हो बाई,’’ तो म्हणे. ‘‘तिले सांगा, नाई ओढत.’’

‘‘मी काय डाकघर आहे?’’ मी ओरडे, आणि तरी सांगे. दिवसामागून दिवस हे चालले. वेणी हळूहळू सरळ यायला लागली. निरोप मात्र माझ्यातर्फेच जात राहिले.

पावसाळ्यात आष्टीहून यशोदेच्या भावाचा निरोप आला. बहिणीला आणि भाचीला तो कायमचे घेऊन जाणार होता. पोळ्याला बैलांना विसावा, तो संपला की गाडी जुंपून येतो, म्हणाला. यशोदेने मला विहिरीवर गाठले.

‘‘बाई, मी का करू? नवरा आता बरा दिसते. पन पोरगी त्याच्याकडं पाह्यत नाई, तर मी कोनत्या तोंडानं भावाले नाई म्हनू? पोरीले जवळ घेऊन झोपते ना मी. ते झोपेतबी आंग चोरते.’’

‘‘तू तिला काही म्हणालीस?’’

‘‘नाई. अण्णाजीनं सांगतलं, कोनी म्हनाचं नाई.’’ ती थांबली. ‘‘तान्हा पोळा होऊ देते. तवरोक तिनं बोलावलं तर ठीक. नाई तर जाते मी आष्टीले.’’

मी ताराचंदला हे सांगितले. सांगायला नको होते असे अण्णाजींचे मत पडले. माझे मत, ज्याचा संसार जातो आहे त्याला तो जातो आहे हे कळायला पाहिजे. ताराचंदने ऐकून घेतले. मग त्याने विचारले, ‘‘बाई, जुन्या चौकटीचा सागाचा तुकडा पडला हाय कोठीमागं. घेऊ काय?’’

त्या तुकड्यातून तो नंदी करायला बसला. मी म्हटले, अरे बाबा, ज्या गोष्टीने घात झाला तीच पुन्हा तिच्यापुढे नेऊन ठेवतोस? पण त्याने डोक्यात घेतले ते घेतले. शेतातून आला की पटाशी आणि कानस घेऊन कोठ्याच्या दारात बसे. सबंध कोठा त्याच्याभोवती जमे. नानाजी म्हणून एक म्हातारे होते. त्यांचा मुलगा नागपुरास रेल्वेत, त्याने बापाशी संबंध सोडलेला. नानाजींना हाक मारणारे कोणी येणार नव्हते, तेव्हा ते कोठ्याचे कायमचे रहिवासी होते. ते रोज नंदीकडे बघून मत देत. पहिल्या दिवशी म्हणाले डुक्कर हाय, मग म्हणाले बकरी हाय, आणि शेवटी एका संध्याकाळी म्हणाले, ‘‘बैल झाला बाप्पा. आता शेपटीले हात नको लावू.’’

खरोखर देखणा झाला होता. भरदार वशिंड, तलवारीसारखी शिंगे, गेरूने रंगवलेले. आणि चाके तर अशी गोल की फरशीवर सोडला तर आवाज न करता पुढे जाई. गाडीवानाला चाक वाकडे असलेले खपत नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मंडळाच्या बैलजोडीची खांदशेकणी झाली. जू घासून घासून निबर झालेल्या खांद्यांना ताराचंदने तूप-हळद चोळली आणि रिवाजाप्रमाणे बैलांच्या कानाशी म्हटले, ‘‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’’

नानाजी बाजेवर बसल्या बसल्या म्हणाले, ‘‘पाहा, बैलालेबी आवतन भेटते. आमी कोठ्यातले, आमाले कोन देते?’’ सगळे हसले. ताराचंद बैलाचा खांदा चोळत राहिला.

पोळ्याच्या दिवशी दुपारी, बैल गावात तोरणाखाली उभे राहायला गेले असताना, तो नवा नंदी घेऊन उंबऱ्याशी आला. नंदीच्या गळ्यात त्याने घुंगरू बांधले होते. मैनी आत पाटावर बसून पुरणपोळी खात होती. त्याने नंदी उंबऱ्याच्या आत ठेवला आणि बोटाने हळूच ढकलला. नंदी घुंगरू वाजवत जाऊन तिच्या पाटाला टेकला.

मैनीने त्याच्याकडे बघितले. हात धुतले, पुसले. मग नंदी उचलून पुन्हा उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवला.

‘‘आई, त्यायले सांग,’’ ती म्हणाली, ‘‘हा माहा नाई.’’

आणि कोपऱ्यातली गाठोडी सोडून तिने आतून एक फडके काढले. त्यात आजोबांचा नंदी होता. तीन पायांचा, बिनचाकांचा. वर्षभर तिने तो सांभाळला होता हे ताराचंदला माहीत नव्हते. यशोदेलादेखील वाटले होते की तुकडे आर्वीलाच टाकले.

मी अंगणात होते. मला वाटले, आता हा माणूस एक तर बोलायला लागेल, नाहीतर रडायला. जुना ताराचंद असता तर म्हणाला असता, अगं याहून मोठा आणतो, नागपुरातून आणतो. हा मात्र वळला. नवा नंदी काखेत धरून विहिरीला वळसा घालून कोठ्यात गेला. मला त्याची अशी कीव आली की मी उगीच जिजाबाईंवर, आमच्या स्वयंपाकीणबाईंवर, वड्यांत मीठ कमी पडल्याबद्दल ओरडले. वडे अजून तळलेही नव्हते.

यशोदेने त्या संध्याकाळी ट्रंक भरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. सकाळीच रिवाजाप्रमाणे प्रत्येक घराच्या दाराशी पळसाच्या फांद्या खोचल्या गेल्या. कोठ्याच्या दारालाही नानाजींनी एक खोचली. मी बघितले तर म्हणाले, ‘‘काऊन पाह्यता बाई? आमीबी मानसं आहो.’’

दुपारी पाऊस उघडला आणि पोरे निघाली. मंडळाची, शेजारच्या वस्तीवरची, सगळी मिळून चांगली पलटण होती. कोणाचा नंदी बेगड लावलेला, कोणाच्या पाठीवर झूल, कोणाचा नुसताच रंगवलेला. काळ्या मातीत चाके रुतत आणि पोरे ओरडत. मैनी सगळ्यांच्या शेवटी होती. तिच्या नंदीला चाके नव्हती म्हणून तिने तो दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. मोडक्या पायाकडची बाजू तिने आपल्या अंगाकडे ठेवली होती. एका मुलाने काही चिडवले. तिने त्याच्याकडे असे बघितले की तो पुढे जाऊन मिसळला.

पोरे आधी अण्णाजींकडे गेली. मग माझ्याकडे आली, आणि मी तबक घेऊन सगळ्या नंद्यांना कुंकू लावले, मूठमूठ फुटाणे वाटले. मग खोल्यांची ओळ. यशोदेने आपल्या दारात लेकीच्या नंदीचे पाय धुतले तेव्हा तिच्यामागे बांधलेली ट्रंक दिसत होती. तिथून पोरे रस्त्यापलीकडच्या घरांकडे पांगली. कोठ्याकडे कोणी गेले नाही, कोणत्याच वर्षी जात नसे. बोजारा गृहस्थाकडे मागायचा असतो, आणि कोठ्यात चूल नव्हती, बाई नव्हती. तिथे कोणाचे घर नव्हते.

मैनी रस्त्याकडे निघाली होती. विहिरीपाशी ती थांबली. तिने कोठ्याकडे बघितले; दाराला पळसाची फांदी होती. मग ती वळली आणि नंदी छातीशी धरून तिकडे चालू लागली.

यशोदा दारातून दोन पावले पुढे आली. अण्णाजी ओट्यावर वाचत बसले होते, त्यांनी चष्मा काढला. मी ज्या कामाला निघाले होते ते काम मला आजतागायत आठवलेले नाही. मी सरळ विहिरीच्या कठड्याशी जाऊन उभी राहिले, आणि ऐकू यावे म्हणून उभी राहिले हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

मैनीने कोठ्याच्या दाराशी नंदी जमिनीवर ठेवला. तीनच पाय, तेव्हा तो कलला. तिने त्याखाली एक खापरी सारली. आणि हात मागे बांधून उभी राहिली.

आत पुरुष बाजांवर पडले होते. नानाजींनी आधी बघितले. ‘‘अरे उठा, उठा! नंदी आला दारात!’’ असे ते ओरडले आणि कोठ्यात जी धांदल उडाली ती काय सांगू! पाणी आणा, तबक आणा, कुंकू आणा. दारूपायी घरदार गमावलेल्या माणसांच्या कोठ्यात कुंकू कुठले असायला! एकाने जेवायची जर्मनची थाळी पुसली. एकाने कंदिलाची काच काढून वात पेटवली, तोच दिवा. तांदूळ नव्हते म्हणून जोंधळ्याचे दाणे घेतले. कुंकवाच्या जागी ताराचंदचा उरलेला गेरू. पाचसहा बाप्ये लग्नघरातल्या बायकांसारखे एकमेकांना ढकलत होते आणि ताराचंद बाजेच्या कडेला बसून नुसता दाराकडे बघत होता.

‘‘तू बसून काय राह्यला?’’ नानाजींनी त्याला उठवले. ‘‘धू पाय!’’

तो तांब्या घेऊन बाहेर आला आणि नंदीपुढे गुडघ्यांवर बसला. एक पाय धुतला, दुसरा धुतला, तिसरा धुतला. मग जिथे चौथा असायचा तिथे त्याने थोडे पाणी घातले, आणि त्या मोडक्या खुंटावरून अंगठा फिरवला. फार वेळ फिरवला. मग गेरूचे बोट नंदीच्या कपाळाला लावले, दाणे वाहिले, कंदिलाच्या वातीने ओवाळले. वाऱ्याने वात विझली. कोणी हसले नाही.

मैनीने उजवा हात पुढे केला. तळवा वर.

ती बोजारा मागत होती, आणि त्याच्याजवळ काही नव्हते. कोठ्यातल्या एकाही माणसाजवळ नव्हते, कारण नियम माझा होता. माझ्या कनवटीला आणा होता. मी कठड्यापासून निघालेही, पण अण्णाजींनी ओट्यावरून नुसता हात वर केला आणि मी थांबले. आयुष्यात मी कोणाच्या हाताने थांबले असेन तर त्या दिवशी.

ताराचंदने मागे वळून फळीवर ठेवलेला आपला नंदी काढला आणि तिच्यापुढे धरला. मैनीने मान हलवली. त्याने तो बाजूला ठेवला.

आता वायदा करील, मी मनात म्हटले. आता म्हणेल, उद्या आणतो, हे आणतो, ते आणतो. आणि मैनी हात मागे घेईल आणि उद्या आष्टीच्या गाडीत बसेल.

‘‘माह्याजवळ आज काई नाई, माय,’’ ताराचंद म्हणाला.

एवढेच म्हणाला. ‘उद्या’ म्हणाला नाही. रिकामे दोन्ही हात त्याने मांडीवर उताणे ठेवले होते, आणि तो तिच्याकडे बघत होता. मला ते बघवेना, पण नजरही काढवेना.

मैनीने त्याचे हात बघितले. मग बाजूला ठेवलेला नवा नंदी बघितला, पाया पडायला वाकल्यासारखी वाकून नीट बघितला. त्याच्या चाकाला बोट लावून एकदा फिरवून पाहिले.

‘‘याचे चाकं चालतीन,’’ ती म्हणाली.

‘‘काय?’’

‘‘बोजारा. चाकं चालतीन.’’ तिने आपला तीन पायांचा नंदी उचलला, आणि क्षणभर विचार करून तो बापाच्या उताण्या हातांवर ठेवला. ‘‘याले लावजो. आन मंग घरी आनून देजो.’’

एवढे सांगून ती वळली आणि राहिलेल्या पोरांना गाठायला रस्त्याकडे पळाली. तिला अजून चार घरे घ्यायची होती.

कोठ्याच्या दारात सगळे पुरुष उभेच होते. नानाजींनी धोतराच्या सोग्याने नाक पुसले. ‘‘भेटलं बाप्पा आवतन,’’ ते म्हणाले, आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बाजेवर आडवे झाले. त्यांना त्या वेळी काय वाटले असेल ते मला कळत होते, आणि मला त्यांच्यासाठीही रडू आले.

ताराचंदने लगेच पटाशी घेतली. इतक्या हौसेने केलेल्या आपल्या नंदीची चाके त्याने काढली, आजोबांच्या नंदीसाठी एक पाय घडवला, आणि चाके त्याला बसवली. आपला नंदी बिनचाकांचा झाला याकडे त्याचे लक्षही नव्हते. दिवेलागणीला तो उंबऱ्याशी आला. इतक्या दिवसांची सवय. पाऊल तिथेच थांबले. त्याने उंबऱ्याबाहेरूनच नंदी पुढे धरला.

मैनी आतून म्हणाली, ‘‘काऊन थांबला? आत आन ना.’’

त्याने यशोदेकडे बघितले. यशोदा चुलीपुढे होती. तिने त्याच्याकडे न बघता मान डोलावली, पदराने डोळे पुसले, धुराचे निमित्त होतेच, आणि ट्रंक पायाने सरकवून तिसरा पाट मांडायला जागा केली. ताराचंद आत गेला. मी माझ्या खोलीत गेले आणि दार लावून घेतले, कारण खमक्या बाईने रडताना कोणाला दिसायचे नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आष्टीचा भाऊ आला. रात्रीच निघाला असावा; बैल घामेजलेले होते. मी विहिरीवर होते. त्याने गाडी सोडली, रामराम केला आणि विचारले, ‘‘बाई, बयनीचं सामान कुठी हाय? उन्हाच्या आत निघतो म्हनतो.’’

कसे सांगावे याची मी जुळवाजुळव करत होते. एवढ्यात यशोदेच्या खोलीतून, पार आतून, मैनीचा कावलेला आवाज आला.

‘‘बाबा, ओढू नको ना!’’

भाऊ खोलीच्या दाराकडे बघत राहिला. मी पोहरा खाली ठेवला.

‘‘ऐकलंत ना?’’ मी म्हटले. ‘‘बसा. बैलांना पाणी पाजा, आणि चहा घेऊन जा.’’